चेहऱ्याचं वैद्यक, भाग ६ : भुवयांमधली धमनी

गेल्या आठवड्यात बोटॉक्सचं पाहिलं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर भर घालतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात पाट्यांवर दोन्ही शब्द एका ओळीत दिसतात, आणि "तिनं बोटॉक्स केलंय" असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा ते ओठातलं फिलर असतं. धोक्याच्या हिशेबात मात्र दोघांत फार अंतर आहे. बोटॉक्सची चूक बहुधा तीन-चार महिन्यांत उतरते. फिलरची एक चूक तासा-दीड तासात कायमची होऊ शकते.

ती चूक नेमकी कुठे होते हे कळायला थोडं मागं, पेशवाईतल्या पुण्यात जाऊ. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. (नाव पारशी वाटतं, पण त्या वेळच्या वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा म्हणून नोंदला आहे.) १७९२ मध्ये तो टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या वीट पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. मेणाच्या पातळ पापुद्र्याचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांच्या मध्ये मात्र कातडीचा एक चिंचोळा देठ तसाच जोडलेला ठेवला. नाक धरल्यावर, पंचविसाव्या दिवशी, तो कापला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं आणि तिकडचे सर्जन चकित झाले.

त्या देठातून एक बारीक धमनी जाते. भुवईच्या आतल्या टोकाशी वर येऊन ती कपाळावर चढते. आजही कपाळाच्या कातडीचं नाक करताना सर्जन तिलाच जपतात. ती येते डोळ्याच्या खोबणीतून. जिच्यापासून ती फुटते, त्याच धमनीची दुसरी फांदी नेत्रपटलाला रक्त देते. आणि कपाळाची आठी बुजवायला फिलर टोचतात ते नेमकं इथं.

सुईचं टोक चुकून या धमनीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला, तर जेल रक्ताच्या उलट दिशेनं मुळापर्यंत रेटलं जातं. दाब सुटला की रक्त त्याला पुढं ढकलतं, थेट डोळ्याच्या आत. एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलिटर जेल असतं. एवढा अनर्थ व्हायला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. नेत्रपटलाचं रक्त दीड तास तुटलं तर दृष्टी परत येण्याची आशा फार थोडी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात इंजेक्शननंतर दृष्टी गेल्याची किंवा बिघडल्याची जगभरातली ९८ प्रकरणं गोळा केली होती. भुवयांमधली जागा त्यात पहिली, नाक दुसरं. सगळ्यांत जास्त प्रकरणं रुग्णाच्याच अंगातली चरबी काढून टोचल्याची होती, हे मुद्दाम सांगतो, कारण 'आपलीच चरबी, तिचा काय अपाय' अशी समजूत पक्की आहे.

दृष्टी जाणं क्वचित घडतं. त्याहून जास्त वेळा बंद पडते ती कातडीची रक्तवाहिनी. टोचता टोचता कातडी पांढरीफटक पडते, मग जांभळट जाळी उमटते. बोटानं दाबून सोडलं तर रंग लवकर भरत नाही. दुखणं बरेचदा वाढत जातं, पण भुलीच्या औषधामुळे ते झाकलंही जातं. दोन-तीन दिवसांनी बारीक पुळ्या येतात आणि घरचे म्हणतात, उष्णता झाली असेल, चंदन लाव. तोवर कातडी मरायला लागलेली असते.

यावर उतारा आहे, पण हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरपुरताच. हे द्रव्य कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. ते विरघळवणारं हायलुरोनिडेज आपल्याकडे नवीन नाही. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्याभोवतीच्या भुलीच्या इंजेक्शनात नेत्रतज्ज्ञ ते वापरत आलेत. म्हणजे औषध दुर्मिळ नाही. फिलर टोचणाऱ्याच्या फ्रिजमध्ये त्याच क्षणी त्याच्या पुरेशा कुप्या आहेत का, एवढाच प्रश्न. सिलिकॉनवर असा उताराच नाही.

ओठ सुजणं, निळं पडणं, हाताला गाठ लागणं हे नेहमीचं. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. म्हणून हळदीच्या आठवड्यात फिलर करून घेणं हा निव्वळ वेडेपणा. काही गाठी महिन्यांनी, दाताच्या किंवा सायनसच्या संसर्गानंतर अचानक वर येतात. विरघळवणंही सुखाचं नसतं. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईची अभिनेत्री उर्फी जावेदनं चुकीच्या जागी बसलेलं ओठांचं फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ स्वतःच टाकला. टम्म फुगलेला चेहरा लपवला नाही. तिची टिंगल झाली. मला मात्र त्या व्हिडिओचा उपयोग शंभर जाहिरातींहून जास्त वाटला.

कोल्हापुरापुरतं एक. आपल्यासारख्या शहरात पुण्या-मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एखादा दिवस येऊन जाण्याची पद्धत आहे. पार्लरमध्येही 'आमच्या मॅडम येतात' असं सांगतात. येऊ देत, पण रात्री अकराला ओठ काळसर दिसला, तर फोन कोण उचलणार आणि सुई घेऊन कोण बसणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, सिरिंजचं सीलबंद खोकं समोर फोडायला लावा आणि त्यावरचं स्टिकर फाइलला चिकटवून घ्या. सुईविना ओठ फुगवणारी पेनं ऑनलाइन मिळतात. त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२१ मध्येच इशारा दिला आहे. टोचल्यावर अंधुक दिसलं किंवा डोळ्यात कळ आली, तर टोचणाऱ्यानं तिथंच उपाय सुरू करावेत आणि त्याच वेळी नेत्रतज्ज्ञाला गाठावं. 'सकाळी बघू' म्हणण्याइतका वेळ नसतो.

पुढच्या भागात, गोरं करणारी ग्लुटाथायोनची सलाईन.