दुसऱ्याच्या लेखाखाली लिहिताना

‘खूप छान लिहिलंय. माझ्याही ब्लॉगला अवश्य भेट द्या.’ मराठी ब्लॉगांच्या भरभराटीच्या काळात ही दोन वाक्यं कुठल्याही लेखाखाली हमखास सापडायची. पाककृती असो, प्रवासवर्णन असो की कुणाच्या आजीची आठवण, मजकूर तोच. लेख वाचल्याची खूणसुद्धा त्यात नसायची. अशा आमंत्रणाला मान देऊन कोण जाणार?

तरीही दुसऱ्याच्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहून आपल्याकडे वाचक येतात, हे मी अनुभवानं सांगतो. मी राजूरचा. अकोले तालुक्यातले गड, घाटवाटा आणि पायथ्याची गावं यांची माहिती देणारी छोटी मराठी वेबसाइट चालवतो. जाहिरातीवर पैसे घालण्याची ऐपत नाही. सुरुवातीचे बहुतेक वाचक मला इतरांच्या भटकंतीच्या लेखांनीच दिले.

हे कसं घडतं ते पाहा. पुण्या-मुंबईचं कुणी हरिश्चंद्रगडावर जाऊन येतं आणि लेख लिहितं. कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं शिवलिंग, तारामतीवरची पहाट, सगळं मनापासून लिहिलेलं असतं. वाटेबद्दल मात्र एखादीच ओळ. खाली कुणी विचारतं, ‘आई-वडिलांना घेऊन जाता येईल का?’ लेखक गड एकदाच चढलेला, त्याला नेमकं सांगता येत नाही. तिथे मी लिहितो, ‘पाचनईकडून चढा, ती वाट सगळ्यांत सोपी. खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांबची आहे. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट सराईत गिर्यारोहकांनीच धरावी. पाचनईत आधी कळवून ठेवलं तर घरचं पिठलं-भाकरी मिळते.’ बस, एवढंच. आमच्या वेबसाइटला या, असं म्हणायची गरजच उरत नाही. बऱ्याच ब्लॉगांवर प्रतिक्रियेच्या चौकटीत नाव, ईमेल आणि वेबसाइटचा पत्ता अशा तीन जागा असतात. पत्ता भरला की आपल्या नावालाच दुवा जोडला जातो. उत्तर पटलं की वाचणारा विचार करतो, हा माणूस कोण? आणि नावावर क्लिक करतो.

या दुव्यांमुळे गूगलमध्ये वेबसाइट वर येते, असं सांगून पैसे घेणारे लोक अजूनही भेटतात. त्यांचा हिशेब फार जुना आहे. शोधयंत्रं एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा शिफारस म्हणून मोजतात. त्याचा फायदा घ्यायला लोकांनी, आणि पुढे यंत्रांनीही, हजारो ब्लॉगांखाली दुवे पेरले. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं त्यावर ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ही खूण असलेला दुवा शिफारस म्हणून धरायचा नाही, असं ठरलं. ब्लॉगर आणि वर्डप्रेस प्रतिक्रियांमधल्या दुव्यांना ती आपोआप लावू लागले. त्याच वर्षी अकिस्मेट ही कचरा-प्रतिक्रिया गाळणारी चाळणीही आली. २०१९ मध्ये गूगलनं वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी ‘यूजीसी’ अशी आणखी एक खूण दिली. तेव्हा यंत्राला खूश करण्यासाठी प्रतिक्रिया लिहिणं बंद करावं. वाचतो तो माणूस, आणि आपल्याकडे येतो तोही माणूसच.

म्हणून नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहावं. ‘भंडारदरा स्वस्त टेंट’ अशा नावाची प्रतिक्रिया ब्लॉगवाला पाहताक्षणी उडवतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून आपल्या दुकानाची हाळी घालणं कुणाला आवडेल? मजकुरात दुवा द्यायचाच तर एकच द्यावा, तोही त्या प्रश्नाचं उत्तर असलेल्या नेमक्या पानाचा. चूक दाखवतानाही सौम्यपणे दाखवावी. कळसूबाई नाशिक जिल्ह्यातलं शिखर आहे, असं सर्रास लिहिलं जातं. १६४६ मीटरचं हे शिखर दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे आणि पायथ्याचं बारी गाव आमच्या अकोल्यातलं. एवढं नीट सांगितलं की लेखक बहुधा लेख दुरुस्त करतो आणि आभारही मानतो. तिथून जुळलेली ओळख पुढे टिकते.

नवा लेख आला की लवकर लिहावं, तेव्हा लेखक उत्तर देतो. जुन्या लेखांकडेही दुर्लक्ष करू नये. शोधात वर दिसणारा दहा वर्षांपूर्वीचा लेख आजही वाचला जातो, आणि सहल ठरवणारा माणूस ताज्या माहितीसाठी तळाच्या प्रतिक्रियांपर्यंत उतरतो.

काही प्रतिक्रिया वाचक मिळोत न मिळोत, लिहायलाच हव्यात. साम्रदच्या सांदण दरीवर भर पावसाळ्यातही उत्साहानं लेख येतात. ती अरुंद, खोल घळ आहे. वर पाऊस झाला की पाणी वेगानं आत शिरतं आणि दोन्ही बाजूंना उभे कातळ. ‘पावसाळ्यात दरीत उतरू नका’ हे मी दिसेल त्या लेखाखाली लिहितो.

दुसऱ्याच्या जागेत लिहून ओळख मिळवण्याची ही रीत इंटरनेटनं शोधलेली नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावानं जी शंभराहून अधिक पत्रं लिहिली, ती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये. वृत्तपत्र दुसऱ्याचं होतं. लोकांच्या ध्यानात राहिलं ते लिहिणाऱ्याचं नाव, कारण सांगण्यासारखं काही होतं.

आता बरीचशी चर्चा फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर गेली. तिथली माहिती दुसऱ्या दिवशी मागे पडते, फॉरवर्डमध्ये लिहिणाऱ्याचं नावही राहत नाही. म्हणून ब्लॉगाखालची जाणकार प्रतिक्रिया आज जास्त उठून दिसते.

घाटघर, रतनवाडी, कुमशेत, पाचनईच्या शिकल्या-सवरल्या पोरांना माझं सांगणं आहे. तुमच्या गावावर बाहेरची माणसं लिहितात, ते शोधून वाचा. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या काजव्यांवर पुन्हा लेख येतील. त्यांच्या खाली स्वतःच्या नावानं लिहा, की काजव्यांच्या झाडांवर टॉर्च मारू नका, गाड्यांचे दिवे बंद ठेवा, आणि मुक्कामाला आमच्या गावात या.