थंडीतला वेग

डिसेंबरातल्या पहाटे साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी उभं राहिलं की कोरडी हवा घशाला टोचते आणि बोटं बधिर होतात. इथले अनुभवी धावपटू अशा वेळी जागच्या जागी पाय ताणत नाहीत. आधी भरभर चालतात, मग अगदी हळू धावतात, आणि अंग तापल्यावरच गुडघे उचलणं, पाय झुलवणं सुरू करतात. गारठलेल्या पोटरीला एकदम ताण दिला तर ती मोकळी व्हायच्या ऐवजी दुखावते. कपड्यांचंही तसंच. निघताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. स्वेटर घालून सुरुवात केली तर दुसऱ्या किलोमीटरला तो कमरेला बांधावा लागतो. कानटोपी आणि हातमोजे मात्र हवेतच.

२०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून धावली जाते. निम्मं अंतर कास पठाराच्या दिशेनं चढायचं आणि निम्मं उतरायचं. ती स्पर्धा पावसाळा सरताना होते. थंडीतला सराव असतो जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी. चढावर पावलं लहान, नजर चार-पाच मीटर पुढे, हात खाली सैल. चढ दम काढतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. शरीराला आवरून धरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. खाली पोचल्यावर घामट बनियन लगेच बदलावा लागतो. थांबलेल्या अंगाला घाटातला वारा फार लवकर गारठवतो.

सांगलीत घाट नाही. तिथे कृष्णेकाठचं सपाट अंतर आहे आणि नदीवरून उठणारं धुकं. हरिपूरच्या रस्त्यावर एका लयीत दोन-दोन तास धावता येतं, आणि लांब पल्ल्याला ही लयच लागते. पण हाच उसाचा हंगाम. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत धुक्यातून येतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. म्हणून मोठ्या रस्त्यावर वाहनांच्या समोरून, चमकणारी पट्टी लावून धावायचं. कानात गाणी नकोत. मला वाटतं, हा नियम वेगाच्या कुठल्याही तक्त्याच्या आधी शिकवला पाहिजे.

थंडीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वेगळंच आहे. ती वेग उसना देते. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. गार हवेत ती सहज निघून जाते, त्वचेकडे कमी रक्त पाठवावं लागतं, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. दहा-बारा अंशांत घड्याळ जो आकडा दाखवतं, तो मुंबईच्या दमट हवेत टिकत नाही. तहानही फसवते. थंडीत ती जाणवत नाही, लघवी मात्र जास्त होते, आणि घाम वाळून गेल्यानं किती पाणी गेलं ते कळत नाही. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं की कळतं.

याच साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहावा क्रमांक मिळवला. माणदेशातल्या मुली आज त्यांचं नाव घेऊन धावायला लागतात, यात नवल नाही.

थंडीतला उसना वेग मुंबईच्या दमट हवेत टिकत नाही, म्हणूनच शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे पहाट सोडायची. नऊ-दहाच्या उन्हात, कमी अंतर, हळू. शरीराला लवकर आणि भरपूर घाम यायची सवय व्हायला तेवढा अवधी लागतो. आणि प्रत्यक्ष शर्यतीत सरावापेक्षा सावकाश निघायचं, कारण पेडर रोडचा चढ तीस किलोमीटर उलटून गेल्यावर येतो. यवतेश्वरला मजबूत झालेले पाय तिथं उपयोगी पडतात, पण तोवर ते शिल्लक ठेवले असतील तरच.