प्रयोगशाळेचे कप्तान

मुलांनो, क्रिकेटच्या संघाचा कप्तान काय करतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. क्षेत्ररचना ठरवायची, चेंडू कुणाच्या हाती द्यायचा ते ठरवायचे, आणि सामना हरला तर सगळ्यांची बोलणी खायची! पण शास्त्रज्ञांच्या संघालाही कप्तान असतो का? असला तर तो दिवसभर करतो तरी काय?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न टाकला. एकाने चटकन सांगितले, "तो सगळ्यांत हुशार असतो!" दुसरीचे म्हणणे पडले, "तो नुसत्या सह्या करतो." गंमत म्हणजे दोन्ही उत्तरांत थोडे थोडे खरे आहे. बाकीचे आपण आज एका खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत जाऊनच पाहू.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पुणेकर तिला 'एनसीएल' म्हणतात. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी १९४७ साली तिची कोनशिला बसवली आणि ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. (होय, त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधानच म्हणत!) प्लॅस्टिक, रंग, औषधे, कीटकनाशके, खनिज तेलावर प्रक्रिया करणारी उत्प्रेरके... कारखान्यांना लागणाऱ्या अशा कितीतरी पदार्थांवर तिथे संशोधन चालते. उत्प्रेरक म्हणजे काय ते मोठ्या वर्गातली ताई-दादा मंडळी सांगतील. छोट्यांनी एवढेच ध्यानात ठेवा, की लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसा हा पदार्थ रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि आपण होता तसाच राहतो.

या प्रयोगशाळेच्या कप्तानाला 'संचालक' म्हणतात. त्याच्या हाताखाली विभागप्रमुख, त्यांच्या हाताखाली प्रकल्पप्रमुख, आणि मग शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, पीएच.डी. करणारे विद्यार्थी. संचालकाच्या वर कोण? दिल्लीत वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद आहे, तिचे महासंचालक. आणि त्या परिषदेचे अध्यक्ष कोण असतात, माहीत आहे? खुद्द भारताचे पंतप्रधान!

पण ही झाली नुसती उतरंड. खरी गंमत माणसांत आहे.

पहिले संचालक होते मॅकबेन, सत्तरीकडे झुकलेले. साबण मळ कसा काढतो, साबणाचे रेणू पाण्यात कसे घोळका करून राहतात, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. त्यांच्यानंतर १९५२ साली आले जॉर्ज फिंच. यांच्याविषयी मात्र जरा सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण हे गृहस्थ लंडनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि शिवाय एव्हरेस्टवीर!

सन १९२२. एव्हरेस्ट तोवर कुणीच सर केले नव्हते. फिंच म्हणाले, एवढ्या उंचीवर हवा विरळ आहे, तर आपण ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन जाऊ. बरोबरच्या कितीतरी जणांना हे पटेना. त्यांच्या मते ती चक्क लबाडी होती. फिंचनी स्वतःसाठी एक कोटही बनवून घेतला होता, बलूनच्या कापडाचा आणि आत बदकाची मऊ पिसे भरलेला. तो पाहून मंडळी हसली. पुढे थंडीने दात वाजू लागले तेव्हा त्याच कोटाचा सगळ्यांना हेवा वाटला, ही गोष्ट वेगळी! आज बर्फात जाणारे लोक जे पिसांचे फुगीर जाकीट घालतात, त्याचा हा पूर्वज.

मे महिन्यात फिंच आणि जेफ्री ब्रूस वर निघाले. साडेसात हजार मीटरच्याही वर तंबू ठोकला आणि वादळाने गाठले. तंबू उडून जाऊ नये म्हणून आतून धरून बसावे लागले. दुसऱ्या रात्री थंडीने अंग बधिर होत चालले, तेव्हा फिंचना सुचले, की झोपतानाही थोडा थोडा ऑक्सिजन घ्यावा. काय आश्चर्य! अंगात ऊब आली, झोप लागली. २७ मे रोजी ते दोघे सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोहोचले. तोपर्यंत इतक्या उंचीवर एकही माणूस गेला नव्हता.

आणि तिथेच ब्रूसच्या यंत्रातली काचेची नळी फुटली. फिंचनी आपला ऑक्सिजन त्याला दिला, दोघांनी आळीपाळीने श्वास घेतला आणि त्याच थंडीत फिंचनी यंत्र दुरुस्त केले. आता पुढे जायचे की मागे फिरायचे? फिंच स्वतः दमले नव्हते. शिखर डोळ्यांसमोर दिसत होते. पण ब्रूस हा काही मुरलेला गिर्यारोहक नव्हता आणि तो आता थकून गेला होता. आणखी थोडे पुढे गेलो तर दोघेही जिवंत परतणार नाही, असा हिशेब फिंचनी केला आणि ते मागे वळले.

मला विचाराल तर, चढण्यापेक्षा हे वळणे अवघड. प्रयोगशाळेतही संचालकाला असेच वळावे लागते. पाच-पाच वर्षे घाम गाळलेला एखादा प्रकल्प, "हा आता थांबवा" असे सांगायचे, आणि तेही ज्यांनी घाम गाळला त्यांच्या तोंडावर! सोपे नाही बरं का.

पुढच्या, १९२४ सालच्या मोहिमेत फिंचना घेतलेच नाही. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा त्यांच्या पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी होती. आणि त्या वेळी फिंच कुठे होते? पुण्यात, एनसीएलच्या संचालकाच्या खुर्चीत!

फिंच १९५७ साली गेले आणि डॉ. के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. कापडाला लागणाऱ्या कृत्रिम रंगांवर त्यांनी लिहिलेले ग्रंथ जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्यानंतर १९६६ पासून डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक, मग १९७८ पासून डॉ. एल. के. दोराईस्वामी.

दोराईस्वामी रासायनिक अभियांत्रिकीतले. हे काय प्रकरण आहे, ते स्वयंपाकघरातून समजून घेऊ. घरी चार माणसांचा शिरा आई झकास करते. तोच शिरा लग्नात चारशे माणसांसाठी करायचा, तर सगळे जिन्नस शंभरपट घेऊन चालते का? खालून करपतो, वरून कच्चा राहतो! मग आचारी वेगळी कढई घेतो, जाळ वेगळा ठेवतो. रसायनांचे तसेच. काचेच्या चंबूत जमलेली क्रिया कारखान्याच्या टाकीत जमेलच असे नाही.

का? वही-पेन्सिल घ्या. १ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा काढा. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता बाजू १० सेंटिमीटर करा. घनफळ झाले १,०००, पण क्षेत्रफळ फक्त ६००. म्हणजे आतला माल हजारपट वाढला, आणि उष्णता बाहेर पडायला जागा मात्र शंभरपटच! क्रियेतून उष्णता निघत असेल तर ती आत कोंडते, तापमान चढते, क्रिया आणखी जोरात होते, आणखी उष्णता... पुढे काय होईल ते तुम्हीच ओळखा. म्हणून चंबू आणि कारखाना यांच्यामध्ये एक मधला टप्पा असतो, त्याला पायलट प्लँट म्हणतात. तिथल्या प्रमुखाने "अजून नाही" म्हटले, की कितीही नावाजलेला शास्त्रज्ञ असो, त्याला थांबावे लागते. हा अधिकार तसा लहान दिसतो, पण तो किती मोलाचा आहे ते भोपाळने दाखवले.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटताना भोपाळच्या कीटकनाशकाच्या कारखान्यात एका टाकीत पाणी शिरले. टाकीत मिथाइल आयसोसायनेट नावाचे अतिशय विषारी रसायन होते. ते तापत गेले, त्याचा वायू गावावर पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हे नेमके कसे घडले, याचा शास्त्रीय अहवाल १९८५ साली तयार झाला. तो लिहिणाऱ्यांत संचालक दोराईस्वामींचेही नाव आहे. म्हणजे पाहा, नवा शोध लावणे हे जसे या लोकांचे काम, तसेच चूक कुठे झाली ते देशाला नेमके सांगणे हेही.

यानंतर १९८९ साली आले डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचा जन्म, गिरगावात अतिशय गरिबीत बालपण, महापालिकेच्या मराठी शाळेतले शिक्षण. भिंगाने कागद जाळून दाखवणाऱ्या त्यांच्या भावे सरांची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. हळदीच्या पेटंटची १९९७ साली जिंकलेली लढाईही ऐकली असेल. ती पुढे ते परिषदेचे महासंचालक झाल्यावरची. मी सांगणार आहे ती गोष्ट पतंगाची.

झाले असे, की आपल्याकडे पूर्वी परदेशात आधीच तयार असलेला पदार्थ इथे आपल्या पद्धतीने करून पाहणे, हेच पुष्कळदा संशोधनाचे काम असे. वाईट नव्हे ते; देशाची गरज भागत होती. पण माशेलकरांनी संचालक होताच वेगळी भाषा सुरू केली. आपण जगाकडून ज्ञान विकत घेतो, तसे जगाला विकू का नये? लोकांना ते स्वप्नरंजन वाटणे साहजिक होते. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. थोडे पैसे बाजूला काढले आणि त्या निधीला नाव दिले, पतंग उडवण्याचा निधी! ज्या कल्पनेला यश येण्याची शक्यता हजारात एक, पण आले तर काहीतरी अगदी नवे हाती लागेल, अशाच कल्पनेसाठी हे पैसे. पतंग कटला तर कुणी रागावणार नाही.

आता जरा विचार करा. पैसा सरकारचा, म्हणजे तुमच्या-आमच्या आईबाबांचा. हजारातले नऊशे नव्याण्णव पतंग कटणार हे आधीच ठाऊक. उद्या हिशेब विचारणाऱ्याने विचारले तर उत्तर कोण देणार? संचालकच! माझे मत विचाराल तर असा निधी थोडकाच असावा, पण असावा जरूर.

त्याच काळात डॉ. एस. शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिकार्बोनेट बनवण्याच्या नव्या पद्धतीची पेटंटे मिळवली. पॉलिकार्बोनेट म्हणजे काचेसारखे पारदर्शक, पण हातोडीलाही दाद न देणारे प्लॅस्टिक. गाण्याच्या सीडी त्याच्याच होत्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीने पुण्याच्या त्या पेटंटांचे हक्क पैसे मोजून घेतले. हेच शिवराम २००२ साली स्वतः संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत, २००७ मध्ये, नवे उद्योग सुरू करू पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर उघडले.

आणखी एक नवल सांगते. बांबूच्या बऱ्याच जातींना कित्येक दशकांतून एकदाच फुलोरा येतो. बांबू म्हणजे कागद कारखान्याचा कच्चा माल. फुले नाहीत तर बी नाही, बी नाही तर चांगले वाण कसे तयार करणार? डॉ. रजनी नाडगौडा, परशरामी आणि डॉ. मस्करेन्हस यांनी एनसीएलमध्ये बांबूच्या रोपांना काचेच्या बाटलीतच, काही महिन्यांत फुले आणून दाखवली. १९९० साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आले, तेव्हा संचालक होते माशेलकर. पण रसायनांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे ऊतिसंवर्धन करू द्यायचे, ही परवानगी त्यांच्या कितीतरी आधीच्या संचालकांची! संचालकपद साधारण सहा वर्षांचे आणि संशोधन पिकायला दहा, पंधरा, वीस वर्षे. त्यामुळे एकाने पेरायचे आणि छायाचित्रात दुसऱ्याने उभे राहायचे, असे इथे नेहमीच घडते. २०२२ साली पुण्यात हायड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बस दाखवली गेली, तीही परिषदेच्या प्रयोगशाळा आणि एक खासगी कंपनी यांच्या अनेक वर्षांच्या कामातून. तेव्हा एनसीएलचे संचालक होते डॉ. आशिष लेले. ते २०२१ साली त्या पदावर आले.

पालकांसाठी एक ओळ मध्येच. त्याच २०२२ साली डॉ. एन. कलैसेल्वी परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला. लिथियमच्या बॅटऱ्या हा त्यांचा विषय आणि शालेय शिक्षण तमिळ माध्यमातून. मुलीला शास्त्र झेपेल का, मातृभाषेतून शिकून पुढे काय, असे मला पालकसभेत दरवर्षी विचारले जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

मुलांनो, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास एनसीएल पाहण्यासाठी खुली ठेवण्याचा प्रघात आहे. तारीख आणि वेळ आधी विचारून घ्या आणि बाबांना किंवा सरांना बरोबर न्या. आत गेल्यावर नुसते रंगीत द्रव पाहून परत येऊ नका. भेटतील त्या काकांना किंवा मावशींना विचारा, "तुमचा कटलेला पतंग कोणता?" आणि ते काय उत्तर देतात, ते मला पत्राने जरूर कळवा.