विहिरीच्या भिंतीत वाचायचा भूकंप

उन्हाळा लागला की कर्जत तालुक्यातल्या कडावच्या शिवारात विहिरींची कामे निघतात. नवी विहीर खणताना तिची उघडी पडलेली भिंत जरा थांबून पाहावी. वर भातशेतीची माती, तिच्याखाली मुरूम, मग भुसभुशीत मांजऱ्या आणि तळाशी पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. या थरांवरून खोदणारा पाण्याचा अंदाज बांधतो. जुन्या भूकंपांचा माग काढणाऱ्या भूवैज्ञानिकालाही अशीच भिंत हवी असते. थर सलग गेले आहेत की मध्येच तुटून वरखाली झाले आहेत, हे त्याला पाहायचे असते.

भूकंपमापक यंत्रे वापरात येऊन सव्वाशे-दीडशे वर्षेच झाली. खडकातल्या एकाच भेगेवर, म्हणजे प्रस्तरभंगावर, दोन मोठे भूकंप होण्यात मात्र शेकडो, कधी हजारो वर्षे जातात. एवढ्या काळाची नोंद ना यंत्रांकडे असते, ना दप्तरांत. ती मातीत असते.

ती वाचण्याची रीत सोपी, पण चिकाटीची आहे. प्रस्तरभंगाला आडवा चर खणतात. त्याच्या भिंती खरवडून साफ करतात, दोऱ्या ताणून चौकोन आखतात आणि प्रत्येक थर कागदावर उतरवून घेतात. जमीन फाटते तेव्हा तोवर साचलेले थर तुटतात. पुढच्या पुरांचा गाळ त्या तुटीवर सलग पसरतो. सर्वांत वरचा तुटलेला थर आणि त्यावरचा पहिला अखंड थर, या दोहोंच्या मधल्या काळात भूकंप झालेला असतो. या थरांत कोळशाचा किंवा लाकडाचा तुकडा सापडला, तर कार्बन-१४ वरून त्यांचे वय काढता येते. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर केरी सीह यांनी १९७०च्या दशकात पॅलेट क्रीक इथे असेच चर खणून, लेखी इतिहास नसलेल्या काळातले एकामागून एक मोठे भूकंप उलगडून दाखवले.

आपल्याकडे हे शास्त्र दारात आणले ते लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीने. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती कोसळून हजारो माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ साली तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला.

किल्लारीजवळ जमिनीवर उमटलेल्या उंचवट्यावर चर खणले गेले आणि वाद उभा राहिला. काही संशोधकांच्या मते हा प्रस्तरभंग जवळजवळ नवाच होता. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांना मात्र तिथे खडकाचा भरडून झालेला चुरा दिसला. दोन बाजू पुन्हा पुन्हा एकमेकींवर घासल्या की खडकाचे असे पीठ होते. ही भेग पूर्वीही हलली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे, म्हणजे सातवाहनकाळातल्या प्रसिद्ध तगर नगरीच्या जागी, तेरणा नदीच्या दरडींमध्ये त्यांना मोडलेले, सरकलेले थर आढळले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका भूकंपाची ती खूण असल्याचे त्यांनी मांडले. किल्लारीही याच तेरणेच्या खोऱ्यात आहे.

आता कडावकडे वळू. इथून पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्यातले लाव्हाचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे जवळजवळ आडवे आहेत. पश्चिमेला माथेरानचा डोंगर ओलांडून पनवेलच्या बाजूला गेलो की हेच थर समुद्राकडे कलू लागतात. उत्तर-दक्षिण पसरलेल्या या बाकाला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भारताचा पश्चिम किनारा तुटून घडत होता त्या काळाशी, म्हणजे सहा कोटी वर्षांहून जुन्या घटनांशी, त्याचा संबंध जोडला जातो. पालीजवळच्या उन्हेऱ्याचे आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम झरेही जमिनीखालच्या खोल भेगांतूनच वर येतात.

पण थरांचा कल किंवा गरम पाणी म्हणजे अलीकडच्या मोठ्या भूकंपाचा दाखला नव्हे. काळ्या पाषाणातल्या बहुतेक उभ्या चिरा लाव्हा थंड होताना आकसल्याने पडल्या आहेत. खऱ्या प्रस्तरभंगाची ओळख वेगळी. त्याच्या पृष्ठभागावर घासल्याच्या समांतर रेघा असतात, मध्ये खडकाचा चुरा असतो आणि लाव्हाच्या दोन थरांमधली तांबड्या मातीची पट्टी भेगेच्या एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली दिसते. तरीही तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असू शकतो. तो अलीकडे हलला असे म्हणायचे, तर वरची नदीची मातीही तुटलेली दिसायला हवी. कोकणात हे काम अवघड जाते. नदीचा जुना गाळ मोजक्याच जागी टिकतो आणि धो धो पाऊस उरल्यासुरल्या खुणाही धुऊन नेतो.

म्हणून उल्हास आणि पेज नद्यांच्या काठची प्रत्येक दरड मोलाची आहे. कर्जत-खालापुरात आज डोंगर कापून प्लॉट सपाट होत आहेत, रस्त्यांसाठी खोल काप घेतले जात आहेत. भिंत उघडी होते आणि आठवड्याभरात प्लास्टरखाली जाते. त्याआधी ती वाचायला हवी, कारण आपल्या भागाला भूकंप अनोळखी नाही. १९८३ साली जवळच्या भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले आणि नोव्हेंबर २०१८ पासून पालघरच्या डहाणू-तलासरीने त्यांची मालिकाच अनुभवली.

तेव्हा वाचकहो, आपल्या विहिरीत, घराच्या पायाच्या खोदाईत किंवा रस्त्याच्या कापात मातीचा थर सरळ तुटून वरखाली झालेला दिसला, तर तो बुजवण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. घर बांधताना जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छप्पर यांच्या पातळीला सलग काँक्रीटचा पट्टा घाला. किल्लारीची जमीन १९९३ पर्यंत शांतच समजली जात होती.