पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य, तेही दूरस्थ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालुक्याच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून पाच-सात वर्षं काढली की बऱ्याच जणांना पुढच्या शिक्षणाची ओढ लागते. एमव्हीएससी या पदव्युत्तर पदवीसाठी दोन वर्षं महाविद्यालयात जाऊन राहणं जमत नाही. रजेचा प्रश्न असतो, घरचाही असतो. तेवढ्यात कुणीतरी सांगतं की परदेशी विद्यापीठाचं मास्टर्स नोकरी सांभाळून करता येतं आणि विषय आहे पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य. तिथून ऐकीव माहितीला ऊत येतो. एक म्हणतो, हा पैसे भरून कागद मिळवायचा प्रकार. दुसरा म्हणतो, एवढं केलं की जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी ठेवलेलीच. दोघांचंही खरं नाही. हे शिक्षण कुणाच्या कामी येईल हे विद्यापीठाच्या नावावर कमी ठरतं. विद्यार्थी आज कुठे काम करतो आणि त्याला पदवी कशासाठी हवी आहे, यावर जास्त.

गैरसमज १: जनावरांच्या डॉक्टरचा माणसांच्या आरोग्याशी काय संबंध?

एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंची एक यादी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या १,४१५ पैकी ८६८ जंतू, म्हणजे ६१ टक्के, प्राण्यांकडून माणसात येणारे निघाले. नव्याने डोकं वर काढणाऱ्या जंतूंत हे प्रमाण ७५ टक्के होतं.

आकडे बाजूला ठेवले तरी रोजचं काम पुरेसं बोलकं आहे. वार अडकलेल्या गाईत हात घालणाऱ्या पशुवैद्यकाला ब्रुसेलोसिसचा धोका असतो. राहून राहून येणारा ताप आणि सांधेदुखी ही त्याची लक्षणं. रुग्ण कधी टायफॉइडचे, कधी मलेरियाचे उपचार घेत फिरतो. जनावरात हा आजार आटोक्यात आला तरच माणसातही तो आटोक्यात येतो. म्हणून २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस दिली जाते.

गोव्याचं उदाहरण आणखी ठळक आहे. तिथे ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांचं सामूहिक लसीकरण, शाळांमधून जागृती आणि संशयित कुत्र्यांवर पाळत अशी तिहेरी मोहीम वर्षानुवर्षं चालवली. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी ९२ टक्क्यांनी घटल्या, माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माणसं वाचली ती कुत्र्यांना टोचलेल्या सुईमुळे.

गैरसमज २: म्हणजे कत्तलखान्यात शिक्के मारायचं काम

मांसतपासणी हे या विषयाचं जुनं मूळ आहे, पण सगळं झाड नव्हे. शिवाय मांसतपासणीलाही कमी लेखण्याचं कारण नाही. मेंढीच्या यकृतात पाण्याने भरलेली गाठ दिसली, तर ते बहुधा हायडॅटिड असतं. ते यकृत उकिरड्यावर फेकलं की कुत्रं खातं, त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि माणसाच्या हातावर येतात आणि पुढची गाठ माणसाच्या यकृतात होते. तपासनीस ते यकृत बाजूला काढून नीट नष्ट करवतो, तेव्हा ही साखळी तिथेच तुटते.

याखेरीज दुधातले प्रतिजैविकांचे अंश, औषधांना दाद न देणारे जंतू, साथीचा तपास, लसीकरणाचं नियोजन, आपत्तीनंतर मृत जनावरांची विल्हेवाट हे सगळं याच विषयात येतं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात थैमान घालणारा माकडताप घ्या. जंगलात माकडं मरू लागणं हीच तिथे पहिली सूचना असते. ती ओळखून वेळेत आरोग्य विभागाला कळवणं हा पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्याचाच भाग आहे.

गैरसमज ३: दूरस्थ म्हणजे सोपं

ब्रिटिश पद्धतीत मास्टर्स १८० श्रेयांकांचं असतं आणि एक श्रेयांक म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास. वर्षाला ६० श्रेयांक घ्यायचे तर सहाशे तास झाले. म्हणजे नोकरी सांभाळून आठवड्याला बारा तास, तेही वर्षभर. एडिंबरा विद्यापीठाचा ‘वन हेल्थ’ हा, जनावरांचं आणि माणसांचं आरोग्य एकत्र पाहणारा, ऑनलाइन अभ्यासक्रम याच टप्प्यांनी जातो: ६० श्रेयांकांना प्रमाणपत्र, १२० ला पदविका आणि प्रबंधासह १८० ला मास्टर्स. मध्येच थांबावं लागलं तरी हाती काहीतरी पडतं, ही त्यातली सोय. पण सोय म्हणजे सवलत नव्हे.

दूरस्थ शिक्षण ही इंटरनेटची देणगी आहे, हेही खरं नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची दारं उघडली. तिथल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने पशुवैद्यकीय साथरोगशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य हा विषय दूरस्थ पद्धतीने शिकवला आहे.

गैरसमज ४: प्रयोगशाळा नाही, तर शिकणार काय?

काही गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत हे मान्यच. शवविच्छेदनाचा हात आणि जंतूंचं संवर्धन करण्याची सफाई प्रत्यक्षच यावी लागते. पण या विषयाचा कणा साथरोगशास्त्र आहे आणि तो बराचसा वही, संगणक आणि डोकं यांवर चालतो.

एक नमुना पाहा. तालुक्यात हजार म्हशी आहेत आणि त्यातल्या दोन टक्के, म्हणजे वीस, ब्रुसेलाबाधित आहेत. तुमची चाचणी बाधितांपैकी ९५ टक्के बरोबर पकडते आणि निरोगींपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणते. चाचणी घेतली तर वीसपैकी एकोणीस सापडतील. पण ९८० निरोगी म्हशींपैकी ४९ वरही उगाच ठपका येईल. एकूण ६८ पॉझिटिव्ह, त्यातल्या खऱ्या फक्त १९. म्हणजे दर दहा पॉझिटिव्ह म्हशींमागे सात निरोगी. आता हीच चाचणी तीस टक्के प्रादुर्भाव असलेल्या गोठ्यांतल्या तेवढ्याच म्हशींवर वापरा: ३२० पॉझिटिव्ह, त्यातल्या २८५ खऱ्या. चाचणी तीच, पण निकालाचा अर्थ पार बदलला. हे गणित ज्याला कळलं, तो एका चाचणीच्या भरवशावर शेतकऱ्याला दुभती म्हैस काढून टाकायला सांगणार नाही. आधी दुसरी चाचणी करायला लावेल.

अशा अभ्यासाला लागणारा कच्चा माल, म्हणजे दवाखान्याच्या नोंदवह्या, बाजारातली जनावरांची ये-जा, प्राथमिक आरोग्य केंद्रातली कुत्रा चावल्याची नोंद, नोकरीतल्या पशुवैद्यकाच्या आसपासच असतो. महाविद्यालयात राहणाऱ्या विद्यार्थ्याला तो शोधत जावं लागतं. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठाने भारतासह दक्षिण आशियातल्या देशांतले पशुवैद्यक आणि डॉक्टर एकत्र घेऊन मोठ्या प्रमाणात ऑनलाइन मास्टर्स चालवलं, तेव्हा त्याचा भर याच गोष्टीवर होता: दोन्ही विभागांच्या माणसांनी आपापल्या देशातल्या आजाराचा तपास मिळून करायचा.

गैरसमज ५: परदेशी मास्टर्स म्हणजे एमव्हीएससीच

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ खालच्या नोंदणीने मिळतो आणि ती नोंदणी बीव्हीएससी अँड एएच या मूळ पदवीवर होते. दूरस्थ मास्टर्सने त्यात भर पडत नाही आणि मूळ पदवी नसलेल्याला त्याने उपचाराचा परवाना मिळत नाही.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर त्या विषयातली एमव्हीएससी लागते. महाराष्ट्रात माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, आणि देशपातळीवर इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था इथे ती प्रत्यक्ष राहून, प्रबंध लिहून करावी लागते. परदेशी पदवी समकक्ष मानली जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर प्रवेश घेण्याआधी लेखी मिळवावं. विद्यापीठाच्या जाहिरातीवर किंवा ओळखीच्या माणसाच्या ‘होऊन जातं’वर विसंबू नये.

गैरसमज ६: भारतात दूरस्थ पदवीला किंमतच नाही

मान्यताप्राप्त संस्थेने नियमानुसार दिलेली मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अडचण वेगळीच आहे. पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्यातली पूर्ण एमव्हीएससी घरी बसून होत नाही. मात्र तिच्या शेजारचे अभ्यासक्रम मिळतात. इग्नूची अन्नसुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका दूरस्थ आहे आणि दूध संघात किंवा मांसप्रक्रिया उद्योगात काम करणाऱ्याला ती परदेशी मास्टर्सपेक्षा जवळची आणि स्वस्त पडू शकते.

गैरसमज ७: हे फक्त पशुवैद्यकांसाठी, आणि तेही श्रीमंतांसाठी

‘वन हेल्थ’ नावाखालच्या अनेक अभ्यासक्रमांत डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, वन्यजीव क्षेत्रातले लोकही घेतले जातात. फी परकीय चलनात असते आणि ती कमी नसते, हे खरं आहे. पण बऱ्याच ठिकाणी ती विषयागणिक भरता येते. ब्रिटनचा राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आयोग विकसनशील राष्ट्रकुल देशांसाठी दूरस्थ मास्टर्सच्या शिष्यवृत्त्याही देतो. देशांची आणि अभ्यासक्रमांची यादी दर वर्षी तपासावी लागते.

गैरसमज ८: पदवी मिळाली की नोकरी आली

संधी वाढत आहेत यात शंका नाही. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसली. अशा कामांना जनावरांचं आणि माणसांचं आरोग्य एकत्र वाचणारी माणसं लागणार. पण मुलाखतीत पदवीच्या जोडीला काम विचारलं जातं: साथीचा तपास केलात का, आकडे स्वतः मांडलेत का, अहवाल लिहिलात का. नोकरीत राहून शिकणाऱ्याने प्रबंध आपल्याच तालुक्याच्या प्रश्नावर केला, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्याजवळ असतात. नोकरीबाहेर राहून नुसते गृहपाठ पुरे करणाऱ्याजवळ ती नसतात.

अर्ज भरण्याआधी

चार प्रश्न कागदावर लिहावेत. पदवी बढतीसाठी, शिकवण्यासाठी, परदेशी जाण्यासाठी की आहे ते काम चांगलं करण्यासाठी हवी आहे? बढती देणारं खातं ती मोजतं का? परीक्षा कुठे आणि कशी होते? आणि आठवड्याचे बारा तास कुठून काढणार? शिकवायचंच असेल, तर दोन वर्षांची रजा मिळवून एमव्हीएससी करणं हाच सरळ मार्ग आहे. आहे ते काम चांगलं करायचं असेल, तर दूरस्थ अभ्यासक्रमाला दवाखान्याची जुनी नोंदवही हे पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून चालतं, आणि ती विकत घ्यावी लागत नाही.