अंदमानच्या किनाऱ्यांवर जाण्यापूर्वी

जबलपूरच्या सदर भागातील आपल्या वाचकांचा पाण्याशी परिचय होतो तो ग्वारीघाटावर. नर्मदा एकाच दिशेने वाहते. समुद्र मात्र दिवसातून साधारणतः दोनदा चढतो व दोनदा ओसरतो. अंदमानच्या सहलीस निघताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक. तेथील राधानगर किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्यास्तासाठी ख्यातनाम आहे. २०२० मध्ये त्यास ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन लाभले. सूर्योदयासाठी पूर्वेकडील कालापत्थर गाठावा. अंदमान आपल्या बरेच पूर्वेस, परंतु घड्याळ एकच. म्हणून हिवाळ्यात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. दुपारी विश्रांतीत वेळ दवडल्यास सूर्यास्त हुकतो.

शहीद द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावरील, भरतपूर किनाऱ्यालगत प्रवाळ आहे. ओहोटीत ते उघडे पडते. त्यावरून चालल्यास पाय कापतात आणि जिवंत प्रवाळही चिरडले जाते. प्रवाळाचा तुकडा सोबत आणणे कायद्याने निषिद्ध आहे.

भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांकडून जाणून घ्याव्यात. मगरींचा इशारा देणारा फलक असेल तेथे पाण्यात उतरू नये. प्रवाहाने आत ओढल्यास नर्मदेत तरबेज झालेल्यानेही त्याच्याशी झुंजू नये; किनाऱ्यास समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे व मगच किनाऱ्याकडे वळावे.