स्त्रीसौंदर्याचे मानदंड आणि दृश्य माध्यमे : गिरगाव ते गिरणगाव

स्त्रीसौंदर्याच्या कल्पना काळानुसार बदलतात आणि त्या बदलास छापील चित्रे, रंगभूमी, चित्रपट व जाहिराती कारणीभूत होतात, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ही माध्यमे नेमके काय बदलतात, याचा विचार क्वचितच होतो. गौरवर्णाची आवड मुद्रणयंत्राने किंवा कॅमेऱ्याने निर्माण केली, असे म्हणता येणार नाही; ती या दोहोंहून पुष्कळ जुनी आहे. माध्यमांचे कार्य निराळे आहे. समाजात एकाच वेळी नांदणाऱ्या सौंदर्याच्या अनेक मापांपैकी एक उचलून ती ते सार्वत्रिक करतात. आणि कोणते माप उचलले जावे, हे ठरविण्यात कलावंताच्या अभिरुचीइतकाच साधनांच्या तांत्रिक मर्यादांचाही हात असतो. गिरगाव, दादर आणि परळ-लालबाग या मुंबईच्या लहानशा पट्ट्यात ही प्रक्रिया फार स्पष्टपणे पाहावयास मिळते.

ही अनेक मापे मराठी भाषेने जपून ठेवली आहेत. ‘नाकीडोळी नीटस’ या प्रशंसेत वर्णाचा उल्लेखच नाही. ‘बांधेसूद’ हा शब्द शरीराच्या घडणीविषयी, ‘तरतरीत’ हा चैतन्याविषयी, तर ‘ठसठशीत’ हा एकंदर ठळकपणाविषयी बोलतो. ‘भरल्या अंगाची’ असे म्हणण्यात एके काळी कौतुक होते. सावळा रंग तर प्रत्यक्ष विठ्ठलाचा. त्याचे गुणगान करणारे घर सून पाहताना मात्र गोरी शोधी, ही विसंगतीही आपल्या परिचयाची आहे. तरीसुद्धा वर्णात उणी असलेली मुलगी दुसऱ्या एखाद्या मापात वरचढ ठरू शके, एवढी सवड या शब्दसंपत्तीत होती.

राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि काही वर्षांनी तो मळवलीस हलला. तत्पूर्वी चित्रातील सुंदर स्त्री राजवाड्यात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असे. आता ती लक्ष्मी, सरस्वती किंवा शकुंतला होऊन चाळीतील भिंतीवर आली. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. देवीच्या गालाची छटा एकदा दगडांवर ठरली की हजारो प्रतींत तीच उतरे. याउलट म. वि. धुरंधर यांनी ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० सालच्या हिंदी स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथासाठी काढलेली चित्रे पाहावीत. तेथे निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या स्त्रिया आपापल्या वेशात, आपापल्या ढबीने उभ्या आहेत. परंतु तो ग्रंथ मोजक्यांच्या कपाटात राहिला. रविवर्म्यांची लक्ष्मी मात्र घरोघरी पूजेस लागली. पुजल्या जाणाऱ्या चेहऱ्याशी स्पर्धा करणे कोणत्याही चेहऱ्यास अवघडच.

रंगभूमीवर तर हा मानदंड पुरुषाने घालून दिला. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व हे १९०५ पासून किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करू लागले. १९११ साली मुंबईत ‘मानापमान’ रंगभूमीवर आले आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांची नऊवारी नेसण्याची पद्धत, दागिने, अंबाड्यातील फुले यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. स्त्रीने कसे दिसावे, कसे चालावे, लाजताना मान किती वळवावी, हे पुरुषाकडून शिकण्याचा हा प्रकार हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. कुलीन स्त्रीस जेथे रंगमंचच वर्ज्य होता, तेथे तिची प्रतिमा अन्य कोणी घडविणे अपरिहार्य होते. मात्र ते रूप भरदार अंगाचे होते, हे ध्यानात ठेवावे. दूरच्या प्रेक्षकास दिसावे म्हणून रंगमंचाला भारदस्तपणाच हवा असतो.

चित्रपटाने अंतर मिटविले आणि मापही बदलले. दादासाहेब फाळके हे पूर्वी रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करीत, हा दुवा अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा. छापील देवी आणि पडद्यावरील नायिका या एकाच कारखान्यातून निघाल्या म्हटले तरी चालेल. दादर येथे चित्रित झालेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांस ती देण्यात आली. त्या काळच्या फिल्मला निळा रंग चटकन टिपता येई, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी तांबूस-तपकिरी त्वचा पडद्यावर आहे त्याहून काळी उमटे आणि चेहऱ्यावर उजळ रंगाची पुटे चढवावी लागत. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली, ती अडचण संपली. पुटे मात्र राहिली. तांत्रिक गरज म्हणून आलेली गोष्ट अभिरुची होऊन बसते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतरचा टप्पा विक्रीचा. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणले; १९४१ साली लीला चिटणीस ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, आणि त्यापूर्वी तेथे विलायती तारकाच असत. येथे एक सूक्ष्म पण दूरगामी बदल झाला. रूप हे तोवर दैवाचे देणे मानले जाई. आता ते विकत घेता येण्याजोगे ठरले. साहजिकच ज्या मुलीपाशी ते नव्हते, तिच्याकडे केवळ दुर्दैवी म्हणून नव्हे, तर निष्काळजी म्हणून पाहणे शक्य झाले.

गिरगावापासून थोड्याच अंतरावर, परळ-लालबागेत, गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया राबत होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पंचमांश स्त्रिया होत्या. कासोटा घट्ट मारून उभ्याने काम करणारे हे शरीर या चित्रपरंपरेत जवळजवळ कोठेच नाही. लालबागच्या हनुमान थिएटरात रंगणाऱ्या तमाशाचे माप वेगळे होते: गळा, नजर, पदन्यास आणि रात्रभर टिकणारा दम. ते माप करणीचे होते, दिसण्याचे नव्हे. म्हणूनच ते छापता आले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीवर आले ते रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांचे कॅलेंडर, ज्यातील त्वचेवर एकही सुरकुती शोधून सापडू नये.

याचा जाच प्रत्यक्षात कोठे होतो, हे वधुवरांच्या जाहिराती पाहिल्या म्हणजे कळते. तेथे ‘ठसठशीत’ नाही, ‘तरतरीत’ नाही. ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गहूवर्णी’ अशी एकाच पट्टीवरील प्रतवारी आणि जोडीला ‘सडपातळ’. ‘भरल्या अंगाची’ कधी गळाली, हे कोणाच्या लक्षातही आले नाही. रंग उतरत्या प्रतीचा असला की देण्याघेण्याची बोलणी जड होतात, हे पुष्कळ घरांनी अनुभवले आहे. दाखविण्याच्या फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवून छायाचित्रकार चेहरा उजळीत, तेही याच पट्टीसाठी.

ही पट्टी अभेद्य नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाल्यावर तेथे बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील यांचा सावळा, बोलका चेहरा महाराष्ट्राने आपला मानला. मात्र १९७५ साली गोरेपणाचा वायदा नावातच करणारे ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले, आणि ते नाव बदलण्यास २०२० साल उजाडावे लागले. आज फोन स्वतःच त्वचा उजळतो व नाक बारीक करतो. ती प्रतवारी ज्याने यंत्रात भरली, तो कोण आणि कोठला, हे दादरच्या मुलीस ठाऊक नसते. रविवर्म्यांचा निदान छापखाना तरी गिरगावात होता.